सायकल हौद्यात, जीव भांड्यात!

वीकेंडची राइड ठरते, रूट ठरतो, राहायची जागाही बुक होते. मग ग्रुपवर तो अवघड प्रश्न येतो : सायकली न्यायच्या कशावर? कारच्या टपावर, डिकीला टांगून की पिकअपमध्ये? एका फसलेल्या आणि एका जमलेल्या ट्रिपचा हा हिशेब.

तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदार सायकलवाल्यांची खरी अडचण दमाची नसते, वेळेची असते. पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणात पेडल मारत जाता येतं, नाही असं नाही. पण तिथे पोचेपर्यंत शनिवार संपतो आणि परत यायला रविवार पुरत नाही. समुद्राच्या कडेचा जो रस्ता मारायचा म्हणून एवढा आटापिटा, तो राहतोच. वर सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगला ताठ बसून 'येस, ऑन ट्रॅक' म्हणायचं असतं.

म्हणून फंडा सोपा. सायकली गाडीत टाकायच्या, पहाटे घाट उतरायचा आणि जिथून मजा सुरू होते तिथून पेडल मारायचं. आमचा लाडका रूट असा : हरिहरेश्वरहून निघून बागमांडल्याला फेरीत चढायचं, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं, केळशी-आंजर्ले करत हर्णै-मुरूडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दाभोळहून दुसरी फेरी, पलीकडे धोपावे आणि मग गुहागर. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे. स्वतःच्या कार नेल्या तर त्या राहणार हरिहरेश्वरला आणि आपण गुहागरला घामाघूम. म्हणजे मागून येणारी एक गाडी हवीच, आणि तिच्यात सगळ्या सायकली मावायला हव्यात.

इथेच मी गेल्या वर्षी माती खाल्ली.

'सायकलीच आहेत हो!'

आम्ही सात जण. दोन आयटीवाले, एक बँकेतली, एक सीए, एक शाळामास्तर, एक आर्किटेक्ट आणि मी. ट्रान्सपोर्टचं काम माझ्याकडे. मी एका काकांचा पिकअप टेम्पो ठरवला. काका एरवी फ्रिज, कपाटं आणि काचा वाहतात. रात्री अकराला लोडिंग. सगळे ऑफिसमधून थेट आलेले, डोळ्यांवर झोप. आम्ही सायकली हौद्यात आडव्या टाकल्या, एकीवर एक, भाकऱ्यांची चवड रचावी तशा. वरून चऱ्हाट आवळलं, झालं!

काका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "साहेब, मधी कायतरी घाला. गोधड्या-बिधड्या न्हाईत का?"

मी म्हटलं, "चालतंय हो काका, सायकलीच आहेत."

आमच्या आर्किटेक्ट मैत्रिणीची सायकल सगळ्यात खाली होती. का? तर ती एकटी वेळेवर आली होती. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन तिला आठ महिने झाले होते. आधी कुबड्या, मग फिजिओ, मग घरातल्या घरात स्टँडवरची सायकल, मग हळूहळू रस्त्यावर. ही तिची ऑपरेशननंतरची पहिली मोठी राइड होती. महिनाभर आधीपासून ती दिवस मोजत होती.

हरिहरेश्वरला सायकली उतरवल्या. दिसायला सगळं ओके. खाडी ओलांडली, वेशवीच्या पुढे चढ लागला. चढासाठी तिनं गिअर हलका केला आणि कडकन आवाज आला. मागचा डिरेलर थेट चाकाच्या तारांत घुसला होता.

झालं होतं ते असं. गिअरच्या सायकलीत मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. तो मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसला की तो वाकावा, फ्रेम वाचावी. सहा सायकलींच्या वजनाखाली ताम्हिणीची वळणं खात तो आतल्या बाजूला वाकला होता. सपाटीला कळलं नाही. चढावर चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवली तेव्हा कळलं. चेन तोडून एकाच गिअरवर चालवता आली असती, पण डिरेलरबरोबर पाच-सहा ताराही गेल्या होत्या. हँगर मिळतो काहीशे रुपयांत. पण तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि आमच्यापैकी कुणाकडेही जादाचा नव्हता.

सहा जण पुढे गेले. ती दोन दिवस टेम्पोत काकांच्या शेजारी बसली.

रात्री मुक्कामी मी सॉरी म्हणायला गेलो तर हसून म्हणाली, "अरे जाऊ दे. काकांनी मला इथली सगळी अवघड वळणं तोंडपाठ करून दिली." ती चिडली असती तर बरं झालं असतं. हसली म्हणून जास्त लागलं.

यंदा पुन्हा तोच रूट ठरला तेव्हा ग्रुपवर तिचा मेसेज आला : "येते. पण माझी सायकल मी बांधणार." मग मी गुपचूप अभ्यासाला बसलो.

कारवाल्यांनो, जरा थांबा

आधी कारचा विचार करू, कारण बहुतेकांकडे तीच असते. टपावरचा कॅरिअर दिसायला एकदम झकास. सायकल उभी राहते, भार चाकांवर येतो, नंबर प्लेट मोकळी राहते. पण गाडीची उंची तीन-साडेतीन फुटांनी वाढते हे आपण पाचव्या मिनिटाला विसरतो. मग सोसायटीच्या कमानीखालून किंवा मॉलच्या बेसमेंटमध्ये शिरताना जो आवाज होतो, तो ऐकलेल्या माणसाशी एकदा बोलून बघा. शिवाय वारा कापत जाताना पेट्रोल जास्त जातं आणि प्रत्येक सायकल डोक्यावर उचलावी लागते.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा कॅरिअर त्या मानाने स्वस्त. घडी करून कपाटात ठेवता येतो. दोन सायकलींपर्यंत ठीक आहे. पण त्यात सायकल दांडीवर टांगली जाते, दोन सायकली एकमेकींना घासतात आणि मागचे दिवे, नंबर प्लेट झाकली जाते. चौकातल्या पोलीसमामांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. मागच्याला तुमचा ब्रेकलाइट दिसला नाही तर पहिला मार तुमच्या सायकलीलाच. आपल्याकडे सिग्नलला दुचाक्या कशा बंपरला खेटून उभ्या राहतात, हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात, कार दोघांसाठी ठीक. सात जणांसाठी चार गाड्या न्यायच्या, तर त्यापेक्षा एसटीने जाऊन समुद्रावर भजी खाल्लेली बरी.

तीस लाखांची गाडी, पाच फुटांचा हौदा

आमच्यातल्या सीएचा भाऊ नुकताच मोठा झालाय, म्हणजे त्यानं लाइफस्टाइल पिकअप घेतलाय. आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आली, टोयोटाची हायलक्स २०२२ साली. पुढे चार दारांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा. किंमत तीस लाखांच्या घरात. सीए म्हणाला, "भावाला मस्का मारतो, टेन्शन संपलं."

मी टेप घेऊन मोजायला गेलो आणि टेन्शन सुरू झालं. चार दारांच्या पिकअपचा हौदा असतो पाच फुटांच्या आसपास. रोड बाइकच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर साधारण एक मीटर. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकाचा अर्धा-अर्धा व्यास मिळवा. सायकल भरते साडेपाच फुटांच्या पुढे. माउंटन बाइक सहा फुटांच्याही वर जाते. म्हणजे फाळका लावून सायकल सरळ उभी राहतच नाही.

गंमत बघा, २००५ पासून आपल्या गल्लीबोळांतून धावणाऱ्या छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा हौदा सात फुटांच्या आसपास आहे! माल वाहायला केलेली गाडी आणि मिरवायला केलेली गाडी यांतला फरक टेप बरोबर सांगते.

पण अशा पिकअपचे मालक सायकली नेतातच, आणि त्यासाठी तीन युक्त्या आहेत.

पहिली, फाळक्यावरची गादी. आयटीवाल्यांपैकी एक जण अमेरिकेत ऑनसाइट होता, त्यानं ही तिथे बघितलेली. माउंटन बाइकवाले डोंगरावर जाताना पिकअपच्या फाळक्यावर जाड पॅड पट्ट्यांनी बांधतात. सायकलचं पुढचं चाक फाळक्याबाहेर लोंबतं, मागचं हौद्यात आणि सायकलची खालची जाड नळी त्या पॅडवर टेकते. रुंद फाळक्यावर पाच-सहा सायकली बसतात आणि चढवा-उतरवायला मिनिटही लागत नाही. दिवसातून पाच वेळा डोंगर चढायचा असेल तर बेस्ट. पण पॅड आणि नळीच्या मध्ये धूळ-चिखल बसला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात रंग गेलाच म्हणून समजा. कार्बनच्या फ्रेमला तर नकोच.

दुसरी, मागच्या हिचवर बसणारा कॅरिअर. अमेरिकेत गाडीला मागे चौकोनी खाच असते, तिच्यात हा बसतो. यातले दोन प्रकार लक्षात ठेवा : दांडीवर टांगणारा आणि चाकं ताटलीत ठेवणारा. घ्यायचाच तर ताटलीवाला घ्या, त्यात फ्रेमला हात लागत नाही. पण आपल्याकडे ही खाच सगळ्या गाड्यांना नसते, नंबर प्लेट-दिव्यांचा प्रश्न इथेही आहे, आणि आधीच लांबलचक असलेल्या गाडीची लांबी अजून वाढते. ती घेऊन फेरीच्या उतारावरून चढायचं म्हणजे डोक्याला शॉट.

तिसरी युक्ती मला सगळ्यात पटली. पुढचं चाक काढायचं आणि सायकलचा चिमटा हौद्यातल्या आडव्या फळीवर फिक्स करायचा. पुढचं चाक निघालं की सायकलची लांबी एक फुटाहून जास्त कमी होते. रोड बाइक साडेचार फुटांत बसते, माउंटन बाइक कशीबशी पाच फुटांत. फाळका बंद, सायकल सरळ, हलायचं नाव नाही. फळीवर बसवायचे चिमट्याचे पकडही मिळतात. फक्त विकत घेण्याआधी सायकलचा आस बघा. जुन्या पद्धतीचा पातळ क्विक रिलीज आहे की १२ किंवा १५ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल? एकाचा पकड दुसऱ्याला चालत नाही. आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा सारून ठेवा. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही.

पण हिशेब तिथेही अडला. चाकांच्या कमानी सोडून हौद्यात चार सायकली बसणार. आम्ही सात. शिवाय भाऊरायांना स्वतःची गाडी खाऱ्या वाऱ्यात दोन दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. तेही बरोबरच.

पुन्हा काका

तर मंडळी, महिनाभर अभ्यास करून मी परत पोचलो काकांकडेच! त्यांच्या कामाच्या पिकअपचा हौदा आठ फुटांच्या पुढे लांब आणि साडेपाच फूट रुंद. सायकल चाकासकट उभी राहते. भाडं सात जणांत वाटलं की माणशी एका बऱ्या डिनरचा खर्च. प्रश्न गाडीचा नव्हताच, बांधण्याचा होता. आणि जो माणूस रोज काचा वाहतो त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, एवढं मान्य करायला मला एक वर्ष लागलं.

यंदा शनिवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळीच लोडिंग ठेवलं. उजेडात. मैत्रीण सगळ्यात आधी हजर, हातात दोन जुन्या गाद्या आणि योगा मॅट. काकांनी गाद्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस.

मग दोघांनी मिळून काम हातात घेतलं. सायकली उभ्या, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडलला हँडल लागत नाही. त्यांचे स्टेम सैल करून हँडल सायकलला समांतर वळवले. इथे एक लक्षात ठेवा : बाजूचे दोन स्क्रू सैल करायचे, वरच्या टोपीचा हलवायचा नाही. पेडल काढली. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, त्यामुळे ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. यावर दर ट्रिपला एक तरी इंजिनिअर अर्धा तास झटतो. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर घेतली, म्हणजे डिरेलर आत सरकतो. डिरेलरची बाजू कशालाही टेकू द्यायची नाही, तिथे गादीची घडी.

दोर बांधायची जागा म्हणजे टायर आणि रिम, सीटखालची नळी. वरच्या दांडीला दोर नाही, तारांमधून ओढून तर नाहीच. मी हौसेनं रॅचेटचे पट्टे आणले होते. काका म्हणाले, "ह्ये चांगलं हाय, पन लई आवळू नका. सायकल हाय, लोखंडी कपाट न्हाय." खरं आहे. रॅचेटला जोर कळत नाही, हाताला कळतो. कार्बनची रिम किंवा चिमटा त्यात चिरडू शकतो.

आणि काकांची शेवटची परीक्षा. प्रत्येक सायकलीचं सीट धरून त्यांनी गदागदा हलवलं. "सायकल हलली तर परत बांधायचं. टेम्पो हलला तर जाऊ द्या." सात सायकली, पन्नास मिनिटं. गेल्या वर्षी दहा मिनिटांत झालं होतं.

ताम्हिणी उतरून माणगावच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा दोर पुन्हा तपासले. दोन सैल झाले होते. नायलॉनचा दोर दवात भिजला की ताणतो, हे नवीन ज्ञान. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर एकदा बघायचंच, हे तेव्हापासून ठरून गेलंय.

वेशवीच्या चढावर मी मुद्दाम तिच्या मागे राहिलो. तिनं गिअर हलका केला. चेन एकेक चक्र चढत सगळ्यात मोठ्यावर गेली आणि काही झालं नाही. फक्त बारीक टिकटिक. ती वळूनसुद्धा न बघता पुढे गेली. मी मात्र चढावर श्वास रोखून धरला होता, जे करू नये, म्हणून मला धाप लागली.

जाता जाता

• आधी सायकली मोजा, मग गाडी ठरवा. दोन असतील तर कार, चारपर्यंत असतील तर फळी लावलेला पिकअप, त्याच्या वर मालवाहू पिकअप.
• कॅरिअर कुठलाही घ्या, दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : भार चाकांवर येतो की फ्रेमवर? चाकांवर, तर पुढे बोला.
• स्वतःच्या मॉडेलचा एक जादा हँगर आणि ॲलन की नेहमी जवळ ठेवा.
• चहाच्या थांब्यासाठी एक लांब केबल लॉक सगळ्या फ्रेममधून ओवून टाका. ताडपत्री टाकणार असाल तर घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री रंग खाते.
• जागा उरली म्हणून हौद्यात माणसं बसवू नका. मालाच्या गाडीत माणूस मागे बसवणं बेकायदा आहे, आणि घाटात ते कसं अंगाशी येतं हे काकांना विचारा.

आणि परतीचं लोडिंग विसरू नका. खरा घोळ तिथेच होतो. गुहागरला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. अंगावर मीठ, पायात गोळे, पुढे कुंभार्ली घाट आणि कऱ्हाडवरून पुण्यापर्यंतचा सगळा रस्ता. आमचा शाळामास्तर म्हणालाच, "टाका रे आता तशाच, घरीच तर जायचंय."

हौद्यात आधीच चढून उभ्या असलेल्या आर्किटेक्टबाईंनी हात पुढे केला. "आधी गाद्या दे."

काका फाळक्याला टेकून उभे होते. या वेळी ते मोठ्यानं हसले.